बफेलोचे फेब्रुवारी-मार्च: पहिला हिवाळा काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टमध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत उतरलेल्या विद्यार्थ्याचे बर्फातले पहिले फोटो नोव्हेंबरात घरी जातात. डिसेंबर परीक्षांत सरतो, जानेवारीत नवं सत्र सुरू होतं आणि थंडी सोसून झाली असं वाटू लागतं. कसोटी लागते ती त्यापुढे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते एप्रिलचा मध्य असे साधारण दहा आठवडे आभाळ राखाडी असतं, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग मीठ-मातीने काळवंडलेले असतात, पायाखाली दिवसा चिखल आणि रात्री काच असते. घरून मात्र 'आत्ताच इतकं उकडतंय' असे फोन येतात. जानेवारीच्या कडाक्याची तयारी सगळे करून येतात. या दहा आठवड्यांची कोणी करत नाही, कारण 'होळी जळाली, थंडी पळाली' हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. ईरी सरोवराकाठच्या या शहरात ती म्हण चालत नाही.

या काळात थंडीपेक्षा उजेडाची टंचाई आणि ओल जास्त छळतात. खालचा क्रमही त्यानुसारच लावला आहे.

आभाळ असं का असतं

ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतलं (ग्रेट लेक्स) सर्वांत उथळ सरोवर, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. पाणी गोठलेलं नसतं तोवर त्यावरून येणारा थंड पश्चिमेचा वारा बाष्प उचलतो आणि बफेलोवर ढग नि बर्फ आणून टाकतो. हाच 'लेक इफेक्ट'. उथळपणामुळे ईरी इतर सरोवरांच्या मानाने लवकर गोठतं. गोठलं की बाष्प तुटतं, लेक इफेक्टचा बर्फ कमी होतो, ढगही थोडे विरळ होतात. ज्या वर्षी सरोवर नीट गोठत नाही, त्या वर्षी हा मारा मार्चपर्यंत लांबतो. आणि गोठलेलं सरोवर वसंतात उलटा त्रास देतं: बर्फ वितळेपर्यंत त्यावरून येणारा वारा शहराला गारच ठेवतो.

बर्फ किती इंच पडणार एवढंच पाहू नका, वारा पाहा. जानेवारी १९७७ च्या अखेरीस आलेल्या हिमवादळात नवा बर्फ फुटभरच पडला होता. गोठलेल्या सरोवरावर साठलेला सुटा बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणला आणि गाड्या त्याखाली गाडल्या गेल्या. त्यामुळे अंदाजात 'ब्लोइंग स्नो' (वाऱ्याने उडणारा बर्फ) दिसलं, तर बर्फ कमी सांगितला असला तरी संध्याकाळचा क्लास संपवून परत कसं यायचं ते सकाळीच ठरवा.

सूर्याचा हिशेबही एकदा समजून घेतला की पुढचं सगळं पटतं. पुण्यात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, डिसेंबरच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. बफेलोत तेवढी उंची गाठायला २० मार्च उजाडतो. म्हणजे आपला सर्वांत मंद सूर्य इथे हिवाळा संपताना मिळतो, तोही ढगांआडून. शरीराला हे कळतं. झोप अवेळी येते, गोड खावंसं वाटतं, सकाळी उठवत नाही. याला आळस समजून स्वतःला बोल लावू नका. उजेड कमी पडतोय, तो मिळवायचा आहे.

सकाळचा उजेड: सर्वांत आधी हे करा

घरातल्या साध्या दिव्याखाली १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स मिळतात. म्हणून पहिला उपाय फुकट आहे: उठल्यापासून दोन तासांच्या आत २० ते ३० मिनिटं बाहेर चाला. आभाळ कितीही मरगळलेलं दिसलं तरी. बस एक थांबा आधी सोडून उरलेलं अंतर पायी गेलात तरी काम होतं.

यूबीच्या, म्हणजे बफेलो विद्यापीठाच्या, नॉर्थ कॅम्पसवर एक अडचण आहे. तिथल्या मुख्य इमारती आतल्या आत बंदिस्त पुलांनी जोडलेल्या आहेत. वाऱ्यापासून बचावायला ते मार्ग पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या, ते उत्तमच आहेत. पण बसमधून उतरून थेट आत शिरलं की दिवसभर आभाळ न पाहता अंधारात घरी परतणं सहज होतं. आठवडाभर असं झालं की मन उतरायला लागतं आणि कारण कळत नाही. दुपारच्या डब्यानंतरची दहा मिनिटं बाहेरच्या वाटेने जा. ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरा.

एवढ्याने भागत नसेल तर प्रकाशोपचाराचा दिवा घ्या. तो असा वापरायचा:

१. खरेदी करताना १०,००० लक्स हा आकडा किती अंतरावर मोजला आहे ते वाचा. छोटे स्वस्त दिवे तो आकडा १५ सेंटिमीटरवरचा सांगतात, तितक्या जवळ कोणी बसत नाही. ३० ते ४० सेंटिमीटरवर तो उजेड देणारा, मोठ्या पृष्ठभागाचा, अतिनील किरण गाळणारा दिवा हवा.

२. दिवा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर, जरा बाजूला ठेवा. डोळे उघडे हवेत, पण त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही.

३. रोज सकाळी ठरल्या वेळी २० ते ३० मिनिटं. संध्याकाळी लावलात तर झोप आणखी पुढे सरकते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

४. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका.

बायपोलर आजाराचा इतिहास असेल, डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल किंवा त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका.

दिव्यासमोर काय करायचं? घरी फोन करा. फेब्रुवारीत बफेलोत सकाळचे साडेसात म्हणजे भारतात संध्याकाळचे सहा. आईबाबा मोकळे असतात, चहा दोन्हीकडे असतो. रात्री बारानंतर तासभर व्हिडिओ कॉल करण्याची सवय या ऋतूत महागात पडते, कारण उशिरा झोपलं की सकाळचा जो थोडा उजेड असतो तोही हातचा जातो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं तासभर पुढे जातात. त्या दिवसापासून भारताशी फरक साडेदहाऐवजी साडेनऊ तासांचा होतो. भारतातल्या कोणाबरोबर मुलाखत किंवा मीटिंग ठरली असेल तर वेळ पुन्हा तपासा. त्या आठवड्यात सूर्योदय पावणेआठच्या आसपास जातो आणि आत्ता कुठे उजळू लागलेली सकाळ पुन्हा अंधारी होते. आधीच्या चार दिवसांत रोज पंधरा मिनिटं लवकर झोपत-उठत गेलात तर हा धक्का जाणवत नाही.

ड जीवनसत्त्व

या अक्षांशावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही, ऊन अंगावर घेतलं तरी. प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं एकक) आहे आणि डॉक्टरी सल्ल्याशिवाय रोजची कमाल मर्यादा ४,००० आययू. इथे औषधांच्या दुकानात १,००० आययूच्या गोळ्या सहज मिळतात. घरून आणलेल्या ६०,००० आययूच्या पुड्या आणि कॅप्सूल हे वेगळं प्रकरण आहे. त्या आठवड्याला एक अशा हिशेबाने, ठरावीक आठवड्यांसाठी दिलेल्या असतात. 'रोज एक' समजून घेतल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ आणि मूत्रपिंडाचे त्रास होऊ शकतात. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून मगच त्या सुरू करा.

पाय कोरडे, बाकी नंतर

मार्चमध्ये बफेलोचं दिवसाचं तापमान सरासरी ५-६ अंश सेल्सिअस, रात्रीचं उणे ३ च्या आसपास. ही जोडगोळी उणे १५ पेक्षा त्रासदायक आहे. दिवसा बर्फ वितळतो, पदपथाच्या कडेला, जिथे रस्ता ओलांडायचा नेमक्या तिथे, घोटाभर खोल चिखलपाणी साठतं. वरून तो नुसता राखाडी बर्फ दिसतो आणि पाय टाकला की बूट भरतो.

बूट उबदार आहेत का, यापेक्षा पाणी आत येतं का हे बघा. घोट्याच्या वर जाणारे, जलरोधक, मऊ रबरी तळाचे बूट घ्या. लोकरी मोजे घालून मापून पाहा, गरज वाटली तर अर्धा नंबर मोठा घ्या. दोन-दोन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गार पडतात. पाठपिशवीत सुक्या मोज्यांची एक जोडी कायम ठेवा. भिजलेले बूट खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवू नका, तळ सुटतो. आतले सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. मिठाचे पांढरे डाग एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसले की जातात. राहू दिले तर चामड्याला भेगा पडतात.

अंगावरच्या कपड्यांचं थोडक्यात: आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचं इनर, मधे फ्लीस, वर टोपी असलेलं वारारोधक जॅकेट. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि बसथांब्यावर उभं राहिलं की अंग गारठतं. जीन्स भिजली की वाळता वाळत नाही. आत शिरताच वरचे दोन थर काढा, कारण वर्गखोल्या चांगल्याच तापवलेल्या असतात आणि घामेजून बाहेर पडलं की अंग गारठतं. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. त्या दिवशी नाक, कान, हनुवटी झाका. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी अचानक मान टाकते.

ब्लॅक आइस

दिवसा वितळलेलं पाणी सूर्य कलताच गोठतं आणि डांबरावर पारदर्शक थर बसतो. तो ओल्या रस्त्यासारखा दिसतो. संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊपूर्वी, तापमान शून्याच्या आसपास असताना, ओला दिसणारा प्रत्येक तुकडा बर्फच समजा. पार्किंगच्या जागा, पन्हाळीखालची फरशी, पुलावरचा पदपथ आणि घराच्या लाकडी पायऱ्या इथे घात होतो.

चालताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. बुटावर चढवायचे काटेरी पट्टे वीस-पंचवीस डॉलरला मिळतात. इमारतीत शिरण्यापूर्वी ते काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. पायऱ्यांवर टाकायचं साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. अशा वेळी वाळू टाका, निदान पकड मिळते. घराच्या वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहू नका. उबदार दुपारी ते सुटून पडतात.

खोली

भाड्याची जुनी लाकडी घरं आणि त्यांच्या सैल खिडक्या हे साउथ कॅम्पसच्या आसपास राहणाऱ्यांच्या वाट्याला येतंच. न्यूयॉर्क राज्याच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते ३१ मे घरमालकाने राहत्या खोल्यांत किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, ऊब देणं अपेक्षित असतं. तेवढी मिळत नसेल तर थर्मामीटरचे वेळेसह फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा. तोंडी तक्रारीचा पुढे काही पुरावा राहत नाही.

खिडकीला प्लास्टिकचा पडदा लावणं हा सर्वांत स्वस्त उपाय. चौकट आधी कोरडी पुसा. ओल राहिली की टेप दुसऱ्या दिवशी सुटते. मग चौकटीभोवती दुहेरी चिकटपट्टी लावा, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्तीचं प्लास्टिक कापून वरून खाली चिकटवत या, आणि शेवटी हेअर ड्रायर फिरवत ठेवून सुरकुत्या ताणून घ्या. एका जागी धरला तर भोक पडतं. पट्टीने रंग निघू शकतो, म्हणून मालकाला आधी विचारा.

विजेचा छोटा हीटर वापरणार असाल तर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशनच्या दोरीत कधीही नको. पांघरूण, पडदे, कपडे तीन फूट लांब. झोपताना बंद. ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं जिवावर बेतू शकतं, कारण गॅसचा ओव्हन असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो.

आणि फोडणीचं. खिडक्या बंद असताना मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजतो, म्हणून मुलं त्याची बॅटरी काढतात किंवा वर पिशवी बांधतात. अनेक घरांत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा अलार्म एकच असतो. हिवाळ्यात बंद घरात तोच तुम्हाला वाचवणार आहे. फोडणी मंद आचेवर, झाकण हाताशी, पंखा आधी सुरू, पाच मिनिटं खिडकी दोन बोटं उघडी. अलार्मला हात लावू नका.

कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांमुळे खिडकीवर पाणी साचून कोपऱ्यात बुरशी धरते. दुसरीकडे हीटरमुळे झोपायच्या खोलीत हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं. आठ-दहा डॉलरचं आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ३० ते ४० टक्क्यांत ठेवा. ह्युमिडिफायर घेतला तर पाणी रोज बदला आणि टाकी दर तीन दिवसांनी धुवा, नाहीतर तोच जंतू उडवतो. अंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, ते रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, बारीक तोंडाच्या बाटलीतून निघणार नाही.

रात्री पारा उणे ७ च्या खाली जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकचं कपाट उघडं ठेवा आणि नळाची बारीक धार चालू ठेवा. सुट्टीत गावाला जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, निदान ५५ फॅरनहाइटवर ठेवा. नळ गोठून फुटला तर भुर्दंड मोठा.

तीन दिवसांचा साठा

बफेलो ज्या ईरी काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे वादळात 'ट्रॅव्हल बॅन' (प्रवासबंदी) लागतो. तेव्हा गाडी बाहेर काढणं बेकायदेशीर असतं आणि दुकानंही बंद असतात. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात या काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही वाटेत. बॅन लागला की घरातच राहा, डिलिव्हरीसुद्धा मागवू नका.

एका माणसासाठी घरात कायम असावं: तांदूळ अर्धा किलो, मूगडाळ पाव किलो, पोहे पाव किलो, कांदे-बटाटे एक-एक किलो, आणि पिण्याला-वापरायला दिवसाला एक गॅलन (सुमारे पावणेचार लिटर) या हिशेबाने तीन गॅलन पाणी. वीज गेली तर विजेची शेगडी बंद, म्हणून न शिजवता खाता येईल असंही हवं: चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, लाडू, ब्रेड, पीनट बटर. टॉर्च, भरलेली पॉवर बँक, नेहमीची औषधं आठवड्याची. खिचडी एकदा जास्त करून दोन डबे फ्रीजरमध्ये टाकलेत तर मनच नसलेल्या संध्याकाळी फार उपयोग होतो.

मन आणि व्हिसा

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवसभर उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीत रस न राहणं, झोप-भूक बिघडणं, वर्ग चुकणं असं चाललं असेल, तर एप्रिलची वाट पाहू नका. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्या. मध्यसत्र परीक्षांच्या आसपास तिथे गर्दी वाढते, म्हणून फेब्रुवारीतच नाव नोंदवलेलं बरं. 'वेड लागल्यावर जायची जागा' ही समजूत घरी ठेवून या. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर ९८८ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करा. ही सेवा अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र, विनामूल्य आहे.

याच काळात एक चूक होते आणि ती अभ्यासापुरती राहत नाही. झेपत नाही म्हणून विद्यार्थी ऑनलाइन जाऊन एखादा विषय काढून टाकतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना पूर्णवेळ श्रेयांकांच्या खाली जायचं असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. आजारपणासाठी, मानसिक आजार धरून, अशी सवलत आहे. डॉक्टरांचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं आणि अभ्यासक्रमाच्या एका पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते. क्रम असा: डॉक्टर, मग कार्यालय, मग विषय काढणं. क्रम उलटा झाला तर व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं.

मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकचा बेत फेब्रुवारीतच करा. कॅम्पस रिकामा होतो, बस कमी होतात, रूममेट निघून जातात आणि एकटेपणा त्याच आठवड्यात गाठतो. कोणी सोबत नसेल तर दोन दिवसांआड कोणाबरोबर तरी जेवण ठरवून ठेवा.

उबेची एक जागा

साउथ पार्कमधली बोटॅनिकल गार्डन्सची काचेची इमारत १९०० साली उघडली. आत माडाच्या जातीची झाडं, केळी आणि दमट उबदार हवा. कोकणातल्या माणसाला आत पाऊल टाकताच चष्म्यावर धरणारी वाफ ओळखीची वाटेल. फेब्रुवारीतली एक दुपार तिथे द्या.

मार्चअखेरच्या दोन शनिवार-रविवारी राज्यभर मेपल वीकेंड असतो. ज्या चढ-उताराने, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं, रस्त्यावर ब्लॅक आइस होतो, त्यानेच मेपलच्या झाडात रस वाहू लागतो. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. गुऱ्हाळावर रस उकळताना पाहिला असेल, तर तोच गोड वाफेचा दरवळ इथे बर्फात भेटेल. शहराबाहेर जावं लागतं, चौघांनी मिळून गाडी करा.

जॅकेट कधी आवरायचं? एप्रिलचा शेवट होईपर्यंत नाही. एप्रिलात बर्फ पडला तर इथे कोणाला नवल वाटत नाही. आवरताना पिसांचं जॅकेट पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये सौम्य साबणाने धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन टेनिसचे चेंडू टाकून वाळवा, म्हणजे पिसांच्या गुठळ्या फुटतात. पूर्ण सुकायला दोन-तीन फेऱ्या लागतात. किंचित ओलं राहिलेलं जॅकेट बॅगेत दाबून ठेवलं तर नोव्हेंबरात कुबट वासाने हातात येतं.